'विघटन' हवंय की नकोय? (इंजेक्शनमधल्या पॉलिमरच्या गोळ्यांबद्दल)

मंडळी, शब्द अडलाय. बाबांना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन सुरू आहे म्हणून घरच्यांसाठी त्याची माहिती सोप्या मराठीत लिहायला बसले. त्यात पीएलजीए नावाच्या पॉलिमरचे (लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ) अगदी बारीक गोळे असतात, शरीरात त्यांचं हळूहळू विघटन होतं आणि औषध महिनाभर सुटत राहतं, इथवर ठीक. पुढे लिहिलं 'आतल्या पेप्टाइडचं विघटन होऊ नये म्हणून...' (पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, इथे औषधच) तर मामा म्हणाले, अगं विघटन हवंय का नकोय? खरंच की! गोळे 'विरघळतात' म्हटलं तर चालेल?

*

विरघळतात नको गं. साखर विरघळली तरी साखरच असते, पाणी आटवलं की परत मिळते. पीएलजीएची साखळी पाण्याने जागोजागी तुटते आणि शेवटी लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल उरतं, मूळ वस्तू राहतच नाही. 'झिजतात' पण नको, साबण वरून झिजतो, हे गोळे आतून-बाहेरून एकदमच खिळखिळे होतात. मी सरळ 'तुटत जातात' लिहीन. आणि अशा पॉलिमरला 'जैवविघटनशील' म्हणतात, त्यातल्या 'जैव'मुळे लोकांना वाटतं जंतू खातात, इथे मुख्य काम पाण्याचं.

*

मग औषधासाठी 'नासणं' घ्या ना. लिंबू पिळलं की दूध नासतं, तसंच हे तुटलेलं आम्ल गोळ्यातच साठून आतला पीएच बराच खाली जातो, म्हणजे आंबटपणा वाढतो. 2000 साली अमेरिकेत श्वेंडमन या संशोधकाच्या गटाने गोळ्यांत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घालून आतलं प्रथिन टिकवून दाखवलं, म्हणजे आपण ॲसिडिटीवर घेतो त्या पांढऱ्या औषधातलंच!

*

नासणं मोठ्या प्रथिनाला शोभतं दादा, छोट्या पेप्टाइडला नाही. मी फॉर्म्युलेशनमध्ये (औषध देण्याजोग्या रूपात बनवण्याच्या कामात) आहे म्हणून सांगतो, ऑक्ट्रिओटाइड हे अशाच गोळ्यांतून देतात ते दुसरं पेप्टाइड औषध जेमतेम 8 अमिनो आम्लांचं, त्याच्या अमाइनला (रेणूतल्या नायट्रोजनवाल्या गटाला) पॉलिमरचाच तुकडा जोडला जातो, ग्लायकोलिकचा असेल तर रेणूभार 58 ने वाढतो, लॅक्टिकचा असेल तर 72 ने. औषध तुटलंच नाही, उलट त्यात भर पडली, मग त्याला विघटन कसं म्हणायचं? लॅबमध्ये आम्ही 'ॲसायलेशन झालं' म्हणतो, मराठीत मला 'बिघडणं' पटतं कारण त्यात तुटणं, जोडणं, नासणं सगळंच मावतं. त्यावर उपाय म्हणजे पेप्टाइड पॉलिमरला आधी चिकटूच द्यायचं नाही, त्यासाठी कॅल्शियम किंवा मँगनीजचे क्षार घालून बघतात. ताई, बाबांच्या ल्युप्रोलाइडच्या साखळीचं सुरुवातीचं टोक मुळातच बंद असतं, मोकळं अमाइन नाही, त्यामुळे हा त्रास त्याला फारसा नाही. आणि 'स्थिरता' तर अजिबात लिहू नका, वाचणाऱ्याला वाटेल औषध एका जागी बसून राहतं. 'टिकतं' लिहा.

*

खूप आभार सगळ्यांचे. आता असं केलंय: 'गोळे हळूहळू तुटत जातात, पण आतलं औषध बिघडत नाही, महिनाभर टिकतं.' मामांना कळलं. फक्त आई 'गोळे' वाचून विचारतेय की ह्या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या का नंतर.

*

'कण' करा मग.