डार्क माइल्ड (गडद रंगाची इंग्लिश बिअर) पाणचट आणि तुरट होतेय. कुठे चुकतंय?

सातूपाणी:
श्रॉपशायरमधल्या क्लिओबरी मॉर्टिमरच्या हॉबसन्स माइल्डच्या (3.2 टक्के) वळणाची एल (बिअरचा एक प्रकार) घरी करायची आहे. दोन बॅचेस झाल्या, दोन्हींत तीच रड. पहिल्या घोटाला राखेसारखी जळकी चव, मग जिभेच्या कडांना तुरटपणा, आणि गिळल्यावर तोंडात काहीच उरत नाही.

23 लिटरसाठी पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू) 3 किलो, क्रिस्टल (गोडसर माल्ट) 300 ग्रॅम, रोस्टेड बार्ली (भाजलेलं सातू) 250 ग्रॅम. बर्मिंगहॅमचं नळाचं पाणी, त्यात 10 ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट). 8 लिटरमध्ये 65 अंशांवर तासभर मॅश (धान्य गरम पाण्यात भिजवणं), मग 22 लिटरने स्पार्ज (वरून गरम पाणी सोडून साखर धुऊन काढणं). फगल्स हॉप 35 ग्रॅम, 60 मिनिटं उकळून. यीस्ट यूएस-05. ग्रॅव्हिटी (विरघळलेल्या साखरेने वाढणारी घनता) 1.034 वरून 1.006 वर आली. बाटल्यांत लिटरला 6 ग्रॅम साखर. दाटपणासाठी ओट्स घालावेत का?

पिंपवाला:
ओट्सचं नंतर बघू, आधी पाणी. बर्मिंगहॅमला वेल्समधल्या एलान खोऱ्यातून पाणी येतं आणि ते खूप मऊ असतं. क्षारता जवळजवळ नाहीच, त्यामुळे काळ्या माल्टचं आम्ल सांभाळायला त्यात काही नसतं. 250 ग्रॅम रोस्टेड बार्ली पडली की मॅशचा पीएच गरजेपेक्षा खाली जातो आणि जळकी चव टोचायला लागते. जिप्समने तो आणखी उतरतो, शिवाय 30 लिटरमध्ये 10 ग्रॅम म्हणजे लिटरला साधारण 185 मिलिग्रॅम सल्फेट. बिटरला (कडवट एलला) ते शोभतं. माइल्डला मात्र त्याने कोरडेपणा येतो. जिप्सम बंद करा, त्याऐवजी 5 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घाला. क्लोराइडने चव गोलसर आणि भरीव लागते.

रोस्टेड बार्ली काढून टाका, ती स्टाउटची (काळ्या, भाजक्या चवीच्या बिअरची). चॉकलेट माल्ट 80 ग्रॅम पुरे. रंग कमी वाटला तर 30 ग्रॅम ब्लॅक माल्ट दळून स्पार्जच्या वेळी मॅशवर पसरा. रंग उतरतो, जळकेपणा फारसा येत नाही. ग्लास खिडकीसमोर धरल्यावर कडेला माणकासारखा तांबूस रंग दिसला की जमलं.

तुरटपणाचं दुसरं कारण तुमच्या आकड्यांतच आहे. साडेतीन किलो धान्यावर 22 लिटर पाणी फार झालं. शेवटच्या पाण्यात साखर उरलेली नसते, टरफलातलं टॅनिन मात्र उतरत राहतं. कमी ग्रॅव्हिटीच्या बिअरमध्ये ही चूक हमखास होते. मॅश 12 लिटरमध्ये करा, स्पार्जचं पाणी 76 अंशांच्या वर नको. खाली येणारा वर्ट (धान्यातून उतरलेलं गोड पाणी) 1.008 झाला की थांबा आणि उरलेलं पाणी सरळ किटलीत (वर्ट उकळायच्या भांड्यात) ओता.

यवरस:
पाणचटपणाचा दोष मॅश आणि यीस्टचा. 65 अंशांवर जवळजवळ सगळी साखर यीस्टला खाता येईल अशी होते आणि यूएस-05 ती फस्त करतं. 1.006 म्हणजे 3.7 टक्के अल्कोहोल. अंगात काही शिल्लकच राहिलं नाही. 68.5 ते 69 अंशांवर मॅश करा आणि विंडसर यीस्ट घ्या. विंडसर माल्टोट्रायोज (माल्टमधली एक साखर) खात नाही, त्यामुळे 1.012 च्या आसपास थांबतं. आंबणं अडकलं असं समजून वर दुसरं यीस्ट टाकू नका. हे यीस्ट तळाशी नीट बसत नाही; नितळ बिअर हवी असेल तर एस-04 घ्या आणि मॅश 69 वरच ठेवा. तापमान 18 ते 20.

खरी गंमत इन्व्हर्ट साखर क्रमांक 3 मध्ये (आम्ल घालून शिजवलेल्या साखरेच्या गडद पाकात) आहे. मनुका-खजुराची जी चव आपल्याला माल्टची वाटते, ती बरीचशी हिचीच. 450 ग्रॅम कच्ची उसाची साखर, तेवढंच पाणी, पाव चमचा सायट्रिक ॲसिड. 115 ते 120 अंशांवर मंद आचेवर अडीच-तीन तास. पाणी उडालं की तापमान झपकन चढतं आणि पाक करपतो, म्हणून गरम पाणी हाताशी ठेवून चमचा-चमचा घालत राहा. बॅचला 250 ग्रॅम पाक, उकळीच्या शेवटच्या 15 मिनिटांत, तळाला लागू न देता. पेल माल्ट मग 2.8 किलो पुरे.

जुनं पिंप:
वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत. ओट्स मला पटत नाहीत. ते परंपरेतलेही नाहीत, आणि मॅश नीट केला तर लागतही नाहीत.

‘माइल्ड’ म्हणजे मुळात हलकी नव्हे. न मुरवलेली, ताजी एल ती माइल्ड. एकोणिसाव्या शतकात ती 1.060 च्या वरही असे. पहिल्या महायुद्धातली धान्यटंचाई, निर्बंध आणि कर यांनी ती खाली आणली. सेज्लीच्या बीकन हॉटेलमागे बनणारी सारा ह्यूजेस डार्क रुबी आजही 6 टक्क्यांची आहे. तुमच्यापासून लांब नाही, तुलनेसाठी जरूर चाखा. काळा रंगही सक्तीचा नाही: कीथलीच्या टिमथी टेलरची गोल्डन बेस्ट फिकी माइल्डच आहे.

तुमची साखरही जास्त होतेय. लिटरला 6 ग्रॅमने जी फसफस होते ती जिभेला टोचते आणि बिअर आणखी पातळ भासते. बाटलीत लिटरला 3 ग्रॅम, पिंपात दीड-पावणेदोन. 12 अंशांना वाढा, फ्रिजच्या गारठ्यात माल्टची चव झोपते. आणि महिना-दीड महिन्यात संपवा. हॉप आणि अल्कोहोल दोन्ही कमी, हवा लागली की लवकर उतरते.

सातूपाणी:
आभार. इन्व्हर्टऐवजी गूळ किंवा काकवी चालेल?

यवरस:
आंबायला दोन्ही उत्तम आंबतात. पण गुळात क्षार असतात, त्यांची खारट छटा एवढ्या हलक्या बिअरमध्ये लगेच कळते. काकवीचा वास तर सगळ्यावर चढतो. घालायचाच असेल तर गूळ 100 ग्रॅम, उरलेला 150 इन्व्हर्ट. एक बॅच मात्र आधी निव्वळ इन्व्हर्टवर करा, म्हणजे गुळाने काय बदललं ते कळेल.