पांढरा नाग: आधी डोळे बघा

गुहागरच्या वाडीत निघालेला तो पांढरट नाग 'अल्बिनो' की नुसता फिकट, यावर इथे बराच खल झालाय. माझं म्हणणं, रंग सोडा, डोळे बघा. लालसर गुलाबी असतील तर मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य बनतच नाही, म्हणजे अल्बिनो. अंग पांढरं पण डोळे काळे, तर ल्युसिस्टिक, म्हणजे कातडीचा रंग गेलेला, डोळ्यांचा शाबूत. आणि डोळे दुधी निळसर दिसले तर बहुधा कात टाकायला आलेला साधाच साप! आमच्याकडे गडग्याच्या चिऱ्यांत असाच एक 'पांढरा जागेवाला' (जागेचा राखणदार) निघाला होता. शेजारच्या काकूंनी हळदकुंकूही वाहिलं. चार दिवसांनी कात तिथेच, आणि धामण नेहमीसारखी तपकिरी.

अल्बिनो साप दुधासारखा पांढराच असतो असंही नाही. पिवळी रंगद्रव्यं वेगळ्या पेशींत असतात, ती राहतात. म्हणून अल्बिनो दिवड पिवळसर गुलाबी दिसते, अंगावरची चौकड्यांची नक्षीही पुसट ओळखता येते. हा दोष अप्रभावी जनुकाचा, म्हणजे आईबाप दोघांकडून आला तरच दिसणारा. आईबाप दोघेही वाहक असले तरी प्रत्येक पिल्लाला शक्यता चारात एक, आणि अशी उठून दिसणारी पिल्लं घार, मुंगूस आधी उचलतात. म्हणून मोठा अल्बिनो साप क्वचितच दिसतो.

आंबोलीचा मलबारी चापडा हा विषारी साप मात्र यात धरू नका. हिरवा, पिवळा, तपकिरी हे त्याचे नेहमीचेच रंग.

अल्बिनो नागाचं विष कमी असतं असं म्हणतात, ते साफ खोटं. पुढचा फोटो डोळ्यांचा टाका, पण लांबून झूम करून.