होंग म्युंग-बो: कोणते सामने बघावेत?

डावा_बॅक: मंडळी, २००२ च्या वर्ल्डकपमधली कोरिया-स्पेन लढत पुन्हा बघितली. ग्वांगजूला १२० मिनिटं गोलशून्य, आणि निर्णायक पेनल्टी मारली कोरियाचा कर्णधार होंग म्युंग-बोने. आता त्याची खेळाडू आणि प्रशिक्षक अशी सगळी वाटचाल बघायची आहे. वेळ मोजकाच आहे, सुरुवात कुठून करू?

कोल्हापूरकर: १९९४ चा वर्ल्डकप, डॅलस. स्पेनविरुद्ध ०-२ असताना ८५ व्या मिनिटाला होंगचा गोल, शेवटी २-२. मग जर्मनीविरुद्ध मध्यंतराला ०-३, तिथून २-३ पर्यंत आणलं. त्यातलाही एक गोल त्याचाच. आणि हा माणूस लिबेरो, सगळ्यात मागे खेळणारा! जर्मनीचा सामना पूर्ण बघा. तो मागून चेंडू घेऊन कधी निघतो, ते हायलाइट्समध्ये कळत नाही.

सेट_पीस: प्रशिक्षक बघायचा तर लंडन ऑलिंपिक, २०१२. कार्डिफला कांस्यपदकासाठी समोर जपान, २-० ने जिंकले. कोरियात ऑलिंपिक पदक मिळालं की सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते, म्हणजे पोरांची युरोपातली उमेदीची वर्षं पणाला लागली होती. स्ट्रायकर पार्क चू-यंग सेवा टाळतोय असा गदारोळ उठला, तेव्हा होंग पत्रकार परिषदेत त्याच्या शेजारी बसला. हा गेला नाही तर याच्याऐवजी मी जाईन, म्हणाला. कार्डिफला पहिला गोल पार्कनेच केला.

डावा_बॅक: मग २०१४ च्या वर्ल्डकपला होंग प्रशिक्षक असताना काय बिघडलं?

कोल्हापूरकर: तयारीला जेमतेम वर्ष मिळालं. पण मला वाटतं, जुन्या पोरांवरची माया नडली. क्लबकडून फारसा न खेळलेला पार्कच पुन्हा पुढे. अल्जीरियाविरुद्ध मध्यंतरालाच ०-३, शेवटी २-४. मायदेशी परतल्यावर विमानतळावर संघावर टॉफ्या फेकल्या लोकांनी, तिकडे तो अपमान समजतात. त्रास होतो, तरी हा सामना वगळू नका.

सेट_पीस: आणि उल्सान राहिलंच! २००५ नंतर लीग न जिंकलेला, वर्षानुवर्षं जोनबुकच्या मागे दुसरा येणारा क्लब. होंग २०२१ ला आला, २०२२ आणि २०२३ ला विजेतेपद. ऑक्टोबर २०२२ चा जोनबुकविरुद्धचा सामना शोधा. भरपाई वेळेत मार्टिन आदामचे दोन गोल, ०-१ वरून २-१. २०२४ च्या जुलैत हंगाम अर्धवट सोडून तो राष्ट्रीय संघाकडे गेला, तेव्हा उल्सानचे चाहते का चिडले ते हा सामना बघितल्यावर समजेल.

डावा_बॅक: आभार दोघांचे. आधी जर्मनी, मग कार्डिफ आणि अल्जीरिया लागोपाठ बघतो.