मदत हवी आहे: कंपनीत 'बेटा', 'ताई' म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना थांबवायचं कसं?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, काल रात्री झोपच लागली नाही म्हणून शेवटी लिहितेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी चाकण एमआयडीसीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. वय 36, आधी मेकॅनिकल डिप्लोमा, मग नोकरी करता करता डिग्री, एकूण 13 वर्षं शॉपफ्लोअरवर काढलीयेत. या कंपनीत दोन वर्षांपूर्वी क्वालिटी हेड म्हणून लागले. माझ्या ग्रेडचे अजून चार जण आहेत, प्रॉडक्शन, मेंटेनन्स, स्टोअर आणि डिस्पॅच, चारही पुरुष. त्या चौघांना सगळे आडनावाला साहेब लावून बोलतात, एकमेकांशीही अहो-जाहोच. मी मात्र प्रॉडक्शनवाल्यांची 'बेटा', स्टोअरवाल्यांची 'ताई', आणि मेंटेनन्सवाले तर नुसतं 'अगं ए' करून हाक मारतात. प्रॉडक्शनचे साहेब माझ्यापेक्षा फार तर आठ वर्षांनी मोठे असतील, त्यात बेटा कुठून आलं?

एक आधीच सांगते, ऑपरेटर लोकांच्या 'ताई'चा मला अजिबात त्रास नाही. सीएनसीवर एक काका आहेत, रिटायर व्हायला दोनेक वर्षं राहिलीत, ते "ताई, हा पीस बघता का जरा" असं म्हणतात. बघता का म्हणतात, बघतेस का नाही! आपल्या भाषेत सगळं तिथेच कळतं ना, क्रियापदात. माझ्या पाठीमागेही ते "मॅडम आल्या का" असंच विचारतात, आणि माझ्या बरोबरीचे लोक "ती आली का गं" असं विचारतात. बाकी चौघांसाठी 'ते येतायत' आणि माझ्यासाठी 'ती येतेय', एकाच मीटिंगला, एकाच वाक्यात. हे ऐकून ऐकून आता माझ्याच टीममधली नवीन पोरं मला "अगं" करायला लागलीत, तेव्हा मला खरी काळजी वाटायला लागली.

मागच्या महिन्यात जे झालं ते सांगते म्हणजे तुम्हाला कळेल मी कशाबद्दल बोलतेय. एका बुशचा (धातूच्या छोट्या नळीचा) लॉट होता, बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, 22 एच 7, म्हणजे 22.000 ते 22.021 मिलिमीटर, त्याच्या वर गेला की रिजेक्ट, यात मताचा प्रश्नच नसतो. माझ्या इन्स्पेक्टरनं प्लग गेज (भोकात घालून माप तपासायचा दांडा) आणून दाखवला. नो-गोची बाजू, जी आत जायलाच नको, ती बुशवर नुसती ठेवली की स्वतःच्या वजनानं खाली उतरत होती. मी स्वतः पाच पीस घेतले, कपड्यानं पुसले, हात लावून बघितलं तर गार होते, म्हणजे गरम होऊन फुगलेला पीस मोजला असंही नाही, परत लावलं, पाचातल्या तीन पीसमध्ये नो-गो आत गेली. लाल टॅग लावला, 1200 नग होल्ड. अर्ध्या तासात प्रॉडक्शनचे साहेब आले आणि सगळ्यांसमोर म्हणतात, "अगं बेटा, असं काय करतेस, आज गाडी जायचीये. बहीण ना तू आमची? भावासाठी एवढं नाही करणार? राखीला डबल ओवाळणी घालतो." आजूबाजूला सहा-सात पोरं उभी होती, सगळी हसली.

मी लॉट सोडला नाही. पण नंतर त्यांनी प्लांट हेडना जाऊन सांगितलं की "ती हट्टाला पेटलीय, तुम्ही समजावा". बघा, मी गेजचं रीडिंग सांगत होते आणि तिकडे पोचला माझा हट्ट. मला हेच खटकतंय आणि हेच लोकांना समजावता येत नाहीये. नुसत्या मानापानाची गोष्ट असती तर मी सोडून दिलं असतं, खरंच. पण क्वालिटीचं कामच मुळी 'नाही' म्हणायचं आहे आणि एकदा का माणसानं नातं लावलं की त्या 'नाही'चा अर्थच बदलतो. क्वालिटी हेड नाही म्हणाले की लॉट रिजेक्ट, बहीण नाही म्हणाली की ती रुसली.

त्यानंतर कस्टमर ऑडिट झालं. ऑडिटरशी ओळख करून देताना प्रॉडक्शनचे साहेब म्हणे, "ही आमची धाकटी बहीण, क्वालिटीचं बघते", आणि लगेच माझ्याकडे वळून "बेटा, चहाचं सांगतेस ना?" पुढचे तीन प्रश्न ऑडिटरनं माझ्या कंट्रोल प्लॅनवर (काय, कसं तपासायचं त्याच्या कागदावर) विचारले, पण विचारले त्यांना. कागदावर सही माझी आहे हो! मी मध्ये बोलून उत्तरं दिली, पण आधी चहाचा ट्रे येईपर्यंत मला कुणी धरतच नव्हतं.

आत्तापर्यंत काय केलं ते लिहिते, म्हणजे तेच सल्ले परत यायला नकोत. एकदा त्यांच्या केबिनमध्ये जाऊन नीट शांतपणे सांगितलं की सर, मला आडनावानं हाक मारा. ते दुखावले. "मी मुलीसारखं मानतो तुला, माझ्या मनात काही वाईट आहे का?" नाहीये वाईट, मलाही माहितीये, माझे सासरे हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा याच माणसानं रात्री गाडी काढून रक्ताची पिशवी आणून दिली होती. म्हणून तर जास्त अवघड झालंय. आठवडाभर मला काहीच म्हणायचं नाही असं करून बघितलं त्यांनी, नुसतं "ऐका" म्हणायचे, मग परत बेटा सुरू. एचआरच्या मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या की अगं घरच्यासारखं वातावरण आहे आपल्याकडे, ते सगळ्यांनाच तसं बोलतात. मी मग एक आठवडा मुद्दाम लक्ष ठेवलं. एकाही पुरुषाला बेटा म्हटलं नाही, 23 वर्षांच्या ट्रेनी मुलालासुद्धा आडनावानंच हाक.

हिंजवडीतली मैत्रीण म्हणते की आमच्यात सीईओलाही नावानं हाक मारतात, तूही तसं सुरू कर. पण शॉपफ्लोअरवर मी त्यांना नुसत्या नावानं हाक मारली तर काय होईल हे इथल्या एमआयडीसीवाल्यांना माहितीये. आमचा एक जर्मन कस्टमर आहे, त्यांच्या मेलमध्ये मला 'फ्राऊ' (म्हणजे श्रीमती) आणि पुढे आडनाव असतं, पुरुषांना 'हेर'. त्यांचा इंजिनियर सांगत होता की लग्न न झालेल्या बाईला वेगळं 'फ्रॉइलाइन' म्हणायची पद्धत तिकडच्या सरकारी कामकाजातून 1972 मध्येच काढून टाकली. आपल्याकडे मात्र माझ्या आयकार्डावर अजून 'सौ.' छापून येतं, बाकी कुणाच्याही कार्डावर त्याचं लग्न झालंय की नाही लिहिलेलं नाही.

कायद्याचंही वाचलं. 2013 चा पॉश कायदा प्रामुख्यानं लैंगिक छळाबद्दल आहे, 10 किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती लागते, तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. माझं 'बेटा' प्रकरण त्यात बसत नाही असं मला वाटतं आणि मला ते ओढूनताणून बसवायचंही नाहीये. पण डिस्पॅचमध्ये एक जण ट्रेनी मुलींना 'डार्लिंग', 'स्वीटी' करतो, ते मला वेगळं वाटतं. मार्च 2024 मध्ये कलकत्ता हायकोर्टानं अनोळखी बाईला डार्लिंग म्हणणं हे लैंगिक शेरा मारण्यात धरलं होतं. ती केस रस्त्यावरची होती, ऑफिसची नाही, तरी. त्यातली एक मुलगी अप्रेंटिसचं सर्टिफिकेट अडकेल म्हणून गप्प आहे. मी तिला सांगितलंय की या कायद्यात ट्रेनी आणि अप्रेंटिसपण येतात, तुझ्यासोबत मी येते समितीकडे. अजून तयार नाही ती.

आणि हे सगळं डोक्यात घोळत असताना माझ्या लक्षात आलं की हाऊसकीपिंगच्या बाईंना आपण सगळेच 'मावशी' म्हणतो, मीसुद्धा. परवा त्यांना थेट विचारलं की तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल. त्या पोछा पिळत म्हणाल्या, "मावशीच म्हणा, चांगलंय की. फक्त त्या टोकावरनं वरडू नका, जवळ येऊन सांगा." तेव्हापासून मी जवळ जाऊन सांगते.

तर आता विचारायचंय ते असं. "मला मॅडम म्हणा" हे तोंडानं सांगणं मला फार विचित्र वाटतं, शिष्टपणा वाटतो, तर कुणी हे मराठीत, माणूस न दुखावता, पण परत सांगावं लागणार नाही असं सांगितलंय का? नेमकं काय वाक्य वापरलंत? एकट्यात सांगून झालंय, आता चारचौघात जिथल्या तिथे टोकावं का? प्लांट हेडकडे जायचं तर 'मला बेटा म्हणतात' अशी तक्रार न्यायची की सरळ लॉटचा आणि ऑडिटचा प्रसंग लिहून द्यायचा? आणि पुरुष आयडींनाही विचारते, तुम्हाला कुणी असं सांगितलं असेल तर कसं सांगितलेलं तुम्ही ऐकून घेतलंत?

'एवढं मनाला लावून घेऊ नकोस' हे घरी ऐकून झालंय, ते प्लीज नको. पुढच्या शुक्रवारी परत तोच ऑडिटर येतोय आणि ओळख करून द्यायला हेच साहेब असणार आहेत, त्यामुळे त्याआधी कुणी लिहिलंत तर बरं होईल.