प्रतिसाद: ‘नाटकवाल्याचा सिनेमा’
नाटकातून आलेल्या दिग्दर्शकाचा सिनेमा म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं नाटक, हे ‘नाटकवाल्याचा सिनेमा’ या चर्चेतलं मत दिग्दर्शक जब्बार पटेलांच्या बाबतीत मला अजिबात पटत नाही. त्यांचं नाट्यवेड पुण्यात वाढलं हे खरं, पण ते शिकले आमच्या सोलापूरच्या हरीभाई देवकरण प्रशालेत. पुण्याचं बी.जे. मेडिकल कॉलेज आणि त्यांनी बसवलेलं ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक, हे सगळं त्यानंतरचं. ‘घाशीराम’मध्ये माणसांचीच भिंत उभी करणाऱ्या या माणसाने ‘सामना’ या आपल्या सिनेमात मात्र चेहऱ्यांवर भिस्त ठेवली. निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव आणि श्रीराम लागूंचा मास्तर समोरासमोर बसलेले असतात तेव्हा रंगमंचाची आठवणही येत नाही.

आणखी एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. माझे वडील यंत्रमागावर होते आणि मामा माळशिरसकडे ऊस लावायचे. दोघांनी ‘सामना’ एकत्र पाहिला. वडिलांना तो सिनेमा वाटला, मामांना शेजारच्या गावची हकिकत. ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा सिनेमातल्या नाहीशा झालेल्या माणसाबद्दलचा प्रश्न पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरी कारखान्याच्या निवडणुकीचा विषय निघाला की हमखास यायचा. संवाद विजय तेंडुलकरांचे, हे मान्यच. पण तो प्रश्न मास्तर पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि दर वेळी हिंदुरावाभोवतीची हवा थोडी घट्ट होते, ती बांधणी दिग्दर्शकाची आहे. १९७५ साली हा सिनेमा बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेला होता. मामांना ते कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “तिकडं पण साखर कारखाने आहेत का रे?”