शब्दचर्चा: डिकॅल ‘चिकटवायचं’ की ‘बसवायचं’?

प्रश्न

विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलसोबत येणाऱ्या सूचनांचं मराठी करते आहे. वाचणारी मुलं दहा-बारा वर्षांची. जुळणीचा भाग सहज झाला, अडले ती रंगकाम आणि डिकॅलपाशी. डिकॅलला स्टिकर म्हणवत नाही, ती वस्तूच वेगळी: पाण्यात भिजवून कागदावरून मॉडेलवर उतरवायचं छापील चित्र. ‘स्थानांतरचित्र’ लिहिलं तर मुलं कागद मिटून ठेवतील. शिवाय प्रायमर, ग्लॉस, मॅट, वॉश, वेदरिंग, सिल्व्हरिंग आहेतच. यांतल्या कशाकशाला वापरातला मराठी शब्द आहे?

सध्याचं माझं वाक्य असं आहे: “डिकॅल पाण्यात बुडवून कागदापासून वेगळे करा व योग्य जागी चिकटवा.” वाचताना खटकतं, पण नेमकं कुठे ते सापडत नाही.

---

‘छाप’ किंवा ‘ठसा’ चालेल का? नवीनच घडवायचा असेल तर ‘उमटचित्र’. अर्थ लगेच कळतो आणि उच्चारायलाही सोपा आहे.

---

‘उमटचित्र’ सुचवणाऱ्यांनी नकळत मुळावरच बोट ठेवलंय. डिकॅल हे ‘डेकाल्कोमानी’ या फ्रेंच शब्दाचं तोकडं रूप. त्यातलं ‘डेकाल्के’ म्हणजे एका कागदावरचं चित्र दुसरीकडे उतरवून घेणं आणि ‘मानी’ म्हणजे वेड. अशी छापील चित्रं भांड्यांवर आणि शोभेच्या वस्तूंवर उतरवायचं खरोखरच वेड होतं, ते १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये पोचलं आणि शब्दही सोबत गेला. आणखी मागे गेलं की इटालियनमधून लॅटिनपर्यंत पोचतो. तिथे ‘काल्कारे’ म्हणजे पायाखाली दाबणं, आणि त्याच्याही मागे ‘काल्क्स’ म्हणजे टाच. टाच दाबली की पाऊल उमटतं. आपलं ‘उमटणं’ ते हेच.

त्याच कुळातला ‘काल्क’ हा शब्द भाषाशास्त्रात परक्या शब्दाचं घटकाला घटक लावून केलेल्या भाषांतरासाठी वापरतात, उदाहरणार्थ आपलं ‘शीतयुद्ध’. तेव्हा डिकॅलचं शब्दशः भाषांतर करायला बसणं म्हणजे काल्कचं काल्क करणं. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून लांबण लावली.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर नामात नाही. नाम ‘डिकॅल’च राहू द्या, पाकिटावर तेच छापलेलं असतं आणि मुलं तेच म्हणतात. खटकतंय ते क्रियापद. ‘चिकटवा’ वाचलं की मूल स्टिकरशी करतो तेच करणार: कोपरा नखाने उचलणार, पापुद्रा ओढणार, बोटाने दाबणार. डिकॅलची वाट लावायला एवढं पुरतं.

हातात एक डिकॅल धरून बघा. खाली जाडसर कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डिंक, त्यावर डोळ्याला जेमतेम जाणवेल असा पारदर्शक पापुद्रा आणि त्या पापुद्र्यावर छपाई. कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद धरलं की कागद पाणी पितो. बाहेर काढून मिनिटभर फडक्यावर ठेवलं की डिंक विरघळतो आणि ओल्या कुंचल्याने हलकेच ढोसल्यावर चित्र कागदावर सरकायला लागतं. म्हणजे ते *सुटतं*. कुणी ते वेगळं करत नाही. मग कागदाची कड पंखाला टेकवायची आणि चित्र कागदावरून थेट पंखावर *सरकवायचं*. पाण्याच्या थरावर ते काही क्षण तरंगतं, तेवढ्यात जागेवर आणायचं. मग मऊ फडक्याने मधून कडेकडे पाणी *टिपायचं*. शेवटी डिकॅल *बसतं*.

भिजणं, सुटणं, सरकवणं, टिपणं, बसणं. सगळी घरातली क्रियापदं आहेत आणि कृतीचा क्रमही त्यांतच आहे. ‘बसणं’ तर नेमकं आहे: फरशी बसते, झाकण बसतं, कपडा अंगावर बसतो. खालच्या पृष्ठभागाचा आकार घेऊन स्थिर होणं हा अर्थ ‘चिकटणं’मध्ये येत नाही.

---

एक शंका. ‘गोंदण’ का नको? मुलांच्या हातावर पाण्याने उतरणारी चित्रं असतात, त्यांना गोंदणच म्हणतात की.

---

गोंदण कातडीच्या आत जातं. डिकॅल रंगाच्या वर राहतं, आणि डिकॅलच्या कामातली अर्धी मेहनत ते वर राहिलेलं दिसू नये यासाठीच असते. म्हणून वस्तूला गोंदण म्हणू नये, पण काम नीट झाल्याची खूण म्हणून ‘गोंदल्यासारखं दिसलं पाहिजे’ असं जरूर लिहावं. जुना शब्द हवा असेल तर ‘वठणं’ आहे. शिक्का नीट वठला नाही म्हणतो, भूमिका छान वठवली म्हणतो. डिकॅल पंखावरच्या कोरीव रेषांत उतरून त्या रेषा वरून दिसू लागल्या, की ते वठलं.

---

लिंगाचं काय करू? मी एकदा ‘तो डिकॅल’ लिहिलं, एकदा ‘ती’.

---

माझ्या कानाला ‘ते डिकॅल’ बरं वाटतं, मनात ‘चित्र’ असतं म्हणून. अनेकवचन बोलताना ‘डिकॅलं’ होतं, लिहिताना ‘डिकॅल्स’ ठेवा. एक धरून शेवटपर्यंत तेच वापरलंत म्हणजे झालं.

---

रंगकामाच्या शब्दांबद्दल मी लिहितो. घरं रंगवणाऱ्यांची भाषा इथे सगळी उपयोगी पडते.

प्रायमर म्हणजे *अस्तर*. भिंतीला अस्तर मारतात तसंच. कोट म्हणजे *हात*: “रंगाचे दोन पातळ हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा.” ‘थर’ लिहिलं तरी चूक नाही, पण ‘हात’मध्ये देणारा माणूस दिसतो. ‘पुट’ मात्र टाळा. पुटं चढतात म्हटलं की जाडपणा आलाच, आणि मॉडेलवर जाड रंगासारखा शत्रू नाही. १/७२ या प्रमाणात सहा फुटी वैमानिक एक इंच उंचीचा होतो. खऱ्या विमानावरचं २५ मिलिमीटर उंचीचं अक्षर सुमारे ०.३५ मिलिमीटरचं. तिथे रंगाचं पुट चढलं तर कोरीव रेषा बुजून जातात. हो, ‘बुजणं’ हाही शब्द घ्या.

ग्लॉसला *तुकतुकीत*. मॅटला, म्हणजे चमक नसलेल्या रंगाला, मी पुष्कळ शोधलं. ‘निस्तेज’मध्ये आजारीपणा आहे, ‘फिका’ म्हणजे कमी गडद, आणि मॅट काळा चांगला गडद असू शकतो. मॅट हाच शब्द ठेवावा. बाटल्यांवरच्या खुणा मात्र मुलांना सांगा, उदाहरणार्थ तामियाच्या अ‍ॅक्रिलिक रंगांत नुसता ‘एक्स’ असेल तर तुकतुकीत आणि ‘एक्सएफ’ असेल तर मॅट.

वेदरिंगसाठी *रापवणं*. उन्हाने चेहरा रापतो, तसं विमान उन्हापावसात, धुळीत, धुरात रापलेलं दाखवायचं. त्याच्या पोटातही शब्द आहेत: रंगाचे *टवके* उडतात, धुराड्यामागे *काजळी* धरते, तेलाचे *ओघळ* येतात. हे तिन्ही वेगवेगळ्या पद्धतीने रंगवतात, त्यामुळे वेगळी नावं कामाला येतात.

वॉशला ‘धुणे’ म्हणू नका, त्यात धुणं काहीच नाही. गडद रंग अगदी पातळ करून कोरीव रेषेला कुंचल्याचं टोक नुसतं टेकवलं, की केशाकर्षणाने तो रेषेतून आपोआप धावत जातो. बघायला फार सुंदर दिसतं. मी याला *रेषांना काजळ घालणं* म्हणतो. बाहेर आलेला रंग नंतर पुसायचा असतो, म्हणून खालचा हात तुकतुकीत हवा आणि वॉशच्या द्रावकात विरघळणारा नसावा.

---

वा, ‘रापवणं’ घेतलंच! आता सिल्व्हरिंग. ‘चांदी होणे’ लिहिलं तर मुलांना वाटेल फायदाच झाला.

---

पुन्हा मी, काल्कवाला. हा शब्द नीट ठरवायलाच हवा, कारण शब्दात कारण आलं तर चूक टळते.

मॅट रंग भिंगाखाली खरबरीत असतो. त्या बारीक उंचवट्यांवर डिकॅलचा पापुद्रा टेकतो आणि मधल्या खळग्यांत हवा राहते. त्या हवेवरून प्रकाश परततो म्हणून चित्राभोवतीची पारदर्शक कड पांढुरकी, रुपेरी दिसते. ‘रुपेरी झाक’ म्हटलं तर फक्त दिसणं सांगितलं. फरशी बसवणारे मात्र फरशीवर टिचकी मारून म्हणतात, “ही *पोकळ बसली* आहे.” खाली माल भरला नाही, हवा राहिली. डिकॅलचंही हुबेहूब तेच होतं. “डिकॅल पोकळ बसलं” म्हटलं की उपाय सुचतो: आधी तुकतुकीत पारदर्शक हात देऊन खरबरीतपणा भरून काढा, मग डिकॅल, आणि सगळं वाळल्यावर शेवटी मॅट पारदर्शक हात.

आता माझ्या हातून झालेलं सांगतो, कारण तेही एका क्रियापदाशीच येऊन थांबतं. १/७२चं स्पिटफायर हे लढाऊ विमान, पंख टोकापासून टोकापर्यंत साडेपंधरा सेंटिमीटर. उजव्या पंखावरचं वर्तुळचिन्ह बसवलं आणि डिकॅल मऊ करणारं द्रावण वर लावलं. मिनिटभरात ते चिन्ह सुरकुतलं, गरम दुधावरच्या सायीसारखं. माझ्या मनात ‘चिकटवणं’ होतं. सुरकुती दिसली की सपाट करायची, म्हणून कुंचला फिरवला आणि निळं कडं कुंचल्याला लागून आलं. नंतर कळलं की ते द्रावण पापुद्रा मऊ करतं, मऊ झाला की तो आधी सुरकुततो आणि वाळता वाळता स्वतःच ताणून रेषांमध्ये उतरतो. तिथे हात लावायचाच नसतो. डावा पंख तसाच सोडला. सकाळी पाहिलं तर चिन्हातून पंखावरची सांध्याची रेष सरळ आरपार गेलेली होती, जणू चिन्ह पत्र्यावरच रंगवलंय.

‘बसवा’नंतर ‘बसू द्या’ हे वाक्य म्हणूनच हवं. ते गाळू नका, जागा कमी पडली तर माझं दुसरं काहीही गाळा.

---

सर्वांचे मनापासून आभार. आता असं लिहिलंय:

“विमानाला तुकतुकीत पारदर्शक हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. हवं तेवढंच डिकॅल कागदासकट कापून कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद भिजवा. बाहेर काढून मिनिटभर फडक्यावर ठेवा. ओल्या कुंचल्याने हलकेच ढोसा. सरकलं तर ते सुटलं. सरकत नसेल तर ओढू नका, आणखी थोडं भिजवा. कागदाची कड विमानाला टेकवून चित्र जागेवर सरकवा. मऊ फडक्याने मधून कडेकडे पाणी टिपा. मऊ करणारं द्रावण लावल्यावर डिकॅल सुरकुतेल. त्याला हात लावू नका. बसू द्या.”

---

“टिपा”च्या आधी एक शब्द घाला: “दाबून टिपा, पुसू नका.” मुलं फडकं हातात आलं की पुसतात.