शक्तिमान रणवीरनं केला तर बिघडलं कुठं?

रविवारी_बारा

'शक्तिमान म्हणजे मुकेश खन्ना. रणवीर सिंगच्या अंगावर तो पोशाख चढला तर आपल्या बालपणाची विटंबना होईल. आत्तापासूनच बहिष्काराची तयारी करा.' परवा कुणीतरी हे लिहिलं आणि खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

सोनी पिक्चर्सनं फेब्रुवारी २०२२ मध्ये दूरदर्शनवरच्या जुन्या 'शक्तिमान' मालिकेवरून तीन चित्रपटांची घोषणा केली, तेव्हा 'देशातला एक मोठा सुपरस्टार' एवढंच सांगितलं, नाव दिलं नाही. तेव्हापासून आपण नावं लावत बसलोय. रणवीरचं नाव आलं, मार्च २०२४ मध्ये मुकेशजींनी उघड विरोध केला. मग रणवीर त्यांना भेटून आला. नोव्हेंबरात मुकेशजींनीच पुन्हा तो पोशाख घालून व्हिडिओ काढला. मग अल्लू अर्जुन चालेल असंही तेच म्हणाले. सिनेमाचा अजून पत्ता नाही आणि आपली भांडणं मात्र जोरात.

माझं म्हणणं वेगळंच आहे. सगळे शक्तिमानबद्दल बोलतात, तो एरवी ज्या वेशात वावरतो त्या गंगाधरबद्दल कुणी बोलतच नाही. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री! पुढे आलेले दात, जाड चष्मा, 'आज की आवाज' या वर्तमानपत्रातला बावळट फोटोग्राफर. आमच्याकडे टीव्ही नव्हता. समोरच्या मावशींच्या दारात चपला काढून आम्ही आठ-दहा पोरं बसायचो. शक्तिमान आला की टाळ्या, पण घरी येऊन नक्कल करायचो ती गंगाधरची. छाती काढून उभं राहणं पुष्कळांना जमेल. तोच माणूस क्षणात गबाळा दिसला पाहिजे, हे अवघड आहे. 'लुटेरा'मधला गप्प रणवीर आणि 'सिंबा'मधला वात्रट इन्स्पेक्टर एकच माणूस आहे हे लक्षात घ्या. आज हे दोन्ही करू शकेल असा दुसरा कोण आहे, नाव सांगा.

आणि 'दुसरा चेहरा सहनच होणार नाही' हे म्हणणाऱ्यांना आठवण करून देतो. मालिकेतली पत्रकार गीता विश्वास आधी किटू गिडवानी होती, नंतर वैष्णवी महंत आली. आपण रुसलो का? चार रविवारांत ती आपली झाली.

कृष्णाकाठ

तुमचा गंगाधरचा मुद्दा वाचला, पण गीता विश्वासचं उदाहरण इथे लागू पडत नाही. गीतावर मुलांनी जीव टाकला नव्हता. इथे 'जीव टाकणं' मी शब्दशः म्हणतेय.

१९९९ साली मी नदीकाठच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवत होते. सोमवारी वर्गात पाऊल टाकलं की निम्मी पोरं एका हाताचं बोट वर करून गरागरा फिरत असायची. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून एकानं शाळेच्या पडवीच्या पत्र्यावरून उडी टाकली. हात कोपरातून मोडला. बाप शेतावर होता, म्हणून मीच त्याला एसटीनं सांगलीला घेऊन गेले. सगळ्या वाटेत तो एकच विचारत होता, बाई, तो आला का नाही?

त्या काळात पेपरात अशा बातम्या येत होत्या, काही तर याहून वाईट. मालिका बंद करा अशी मागणी झाली. तेव्हा मुकेश खन्नांनी त्याच वेशात पडद्यावर येऊन मुलांना सांगितलं की असं करू नका. प्रत्येक भागाच्या शेवटी चांगल्या सवयी सांगणाऱ्या 'छोटी छोटी मगर मोटी बातें' असायच्या, चुकलेलं मूल 'सॉरी शक्तिमान' म्हणायचं. माझ्या वर्गातल्या पोरांनी माझं ऐकलं नव्हतं, आईबापांचं ऐकलं नव्हतं. त्याचं ऐकलं. नखं कापून यायला लागली, हो.

हे कशामुळे झालं? त्या माणसानं आधी 'महाभारत' मालिकेत भीष्म केला होता, आणि बाहेरही तो तसाच वागत होता. पडद्यावरचं आणि बाहेरचं मुलांना वेगळं करता येत नाही. जुलै २०२२ मध्ये एका मासिकासाठी विवस्त्र फोटो काढून घेणाऱ्या आणि त्यावरून चेंबूर पोलिसांत गुन्हा नोंदवला गेलेल्या नटाकडून मुलांनी 'मोठी बात' ऐकावी असं तुम्हाला मनापासून वाटतं?

पेठेतली

कृष्णाकाठ ताईंशी सहमत, आणि मला तर त्या फोटोंपर्यंत जायचीही गरज वाटत नाही. या नटाच्या हाती आपलं दैवत एकदा दिलं होतं, २०१५ साली, 'बाजीराव मस्तानी'त. काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. पालखेडला १७२८ मध्ये निजामाला पाणी तोडून शरण आणणारा बाजीराव पेशवा सैनिकांच्या घोळक्यात कंबर हलवत नाचताना पाहिला. त्याच्या पत्नी काशीबाईंना पायाचं दुखणं होतं, त्यांना मस्तानीबरोबर पिंगा घालायला लावलं. वंशजांनी आक्षेप घेतला, पुण्यात निदर्शनं झाली, खेळ रद्द करावे लागले. उपयोग शून्य.

आता शक्तिमानला नाचवणार नाहीत याची हमी कोण देतंय?

अमरावतीकर

ताई, राग समजतो मले, पण तो चुकीच्या माणसावर काढून राहिल्या तुम्ही. नाच बसवला कोणी? गाणं टाकलं कोणी? भन्साळीनं. इनामदारांच्या 'राऊ' कादंबरीवरून सिनेमा काढला असं तोच सांगत होता. नटानं डोकं भादरलं, घोड्यावर बसला, बोलण्याची ढब धरली. फिल्मफेअर त्यालेच भेटलं ना त्या साली? काहून त्याच्या माथी मारता सगळं?

पेठेतली

'राऊ' तुम्ही वाचली आहे का? मी तीनदा वाचली आहे. त्यात बाजीरावाची घुसमट आहे, आईचा धाक आहे, घरातला कोंडमारा आहे. सैनिकांच्या घोळक्यातला नाच मला त्यात कुठे सापडला नाही. तुम्हाला सापडला असेल तर पान सांगा.

आणि नटाला तोंड असतं. भूमिका घेताना 'हे मी करणार नाही' म्हणता येतं. ज्याच्या नावानं लोक हात जोडतात त्याचा वेश चढवलात की जबाबदारी दिग्दर्शकावर ढकलून मोकळं होता येत नाही. मुद्दा तोच आहे, बाजीराव असो की शक्तिमान.

रविवारी_बारा

आपण शक्तिमानवर बोलत होतो. बाजीराव हा खरा होऊन गेलेला माणूस, शक्तिमान एका लेखणीतून आलेला. दोघांना एकच माप कसं लावता?

नर्मदातीर

रविवारी_बारा, दोन मिनिटं थांबा, मला यात बोलायचंच आहे. मी इंदूरचा. वडील आम्हाला लहानपणापासून बाजीरावांच्या समाधीला, रावेरखेडीला न्यायचे, २८ एप्रिलच्या सुमारास. भर उन्हाळा, नर्मदेचा काठ, समाधीपाशी आम्ही घरचेच पाच-सात जण आणि देखरेख करणारा एक म्हातारा. बाजीराव १७४० मध्ये तिथे वारले हे गावाबाहेर कुणाला सांगितलं तर लोक विचारायचे, कोण बाजीराव? महेश्वर धरणाच्या पाण्याखाली समाधी जाणार अशी भीती होती, तेव्हाही ओरडणारे मोजकेच होते.

सिनेमा आला आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गेलो तर तिथे मोटारसायकली उभ्या. विशी-बाविशीतली मुलं, मराठी नव्हतीच. एकानं माझ्या वडिलांना विचारलं की ताप इथेच आला होता का. वडिलांनी त्यांना तासभर बसवून सगळ्या मोहिमा सांगितल्या. इतका आनंदी मी त्यांना फार वर्षांत पाहिला नव्हता. तो नाच मलाही खटकतो. पण ती मुलं त्या सिनेमामुळे आली होती. पेठांमधून किती जण आजवर तिथे आलेत, सांगाल?

पेठेतली

सांगते. २०११ मध्ये, सिनेमाच्या चार वर्षं आधी, मी वडिलांना घेऊन आले होते. सनावदला उतरून पुढे जीप केली. वडिलांचे गुडघे गेलेले, शेवटच्या उतारावर त्यांना हाताला धरून नेलं. तेव्हा मला पेठेवरून हिशेब विचारू नका. न विचारता तोंड टाकायची ही कुठली पद्धत?

नर्मदातीर

माफ करा. चुकलं माझं. तसं म्हणायला नको होतं.

दोन_लेकरांची_आई

तुम्ही सगळे आपापल्या लहानपणासाठी भांडताय. आजच्या मुलांना कुणी विचारलं का? एप्रिल २०२० मध्ये दूरदर्शननं शक्तिमान पुन्हा लावला तेव्हा मी हौसेनं दोन्ही पोरांना घेऊन बसले. खलनायक किल्विषचं 'अंधेरा कायम रहे' सुरू झालं, मला अंगावर काटा. थोरला दहा मिनिटांत उठून गेला. धाकटी बसली, पण म्हणाली, आई, हे सगळे इतकं मोठ्यानं का बोलतायत? मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, पण खोटं कसं सांगू?

त्याच पोरांना 'मिन्नल मुरली' हा मल्याळम सिनेमा दाखवला. केरळमधल्या खेड्यातला शिंपी, त्याच्यावर वीज पडते. झगमगाट नाही. दोघं हललीसुद्धा नाहीत. धाकटी रडली ती नायकासाठी नाही, त्या शिबूसाठी, जो खलनायक आहे! त्याचाच दिग्दर्शक बेसिल जोसेफ याचं नाव शक्तिमानसाठी घेतलं जातंय. ते खरं ठरलं तर पोशाखात कोण आहे याची मला फिकीर नाही. किल्विष कुणी साकारायचा आणि तो असा काळोख का मागतो, हे त्यांनी नीट लिहिलं तर झालं.

आणखी एक, विषय सोडून आहे पण बोलतेच. 'मिन्नल मुरली' तमिळ, तेलुगू, कन्नड, हिंदी, इंग्रजीत होता. मराठीत नाही. शक्तिमानही बघा, पाच भाषांत येईल आणि आपल्याला हिंदीवर समाधान मानायला सांगतील. नट कोण यावर बहिष्कार घालणाऱ्यांनी यासाठी कधी आवाज काढला आहे का? 'आपल्याला हिंदी कळतं की' म्हणत आपणच हे होऊ दिलं.

अमरावतीकर

एकदम बरोबर. माझ्या आईले हिंदी सिनेमा अर्धाच समजते. ते आमच्याकडे पाहून हसते, आम्ही हसलो का मग.

कृष्णाकाठ

डबिंगचा मुद्दा मान्य, पण त्यानं माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. आजची मुलं उडी मारणार नाहीत असं तुम्ही कशावरून म्हणता? आता पत्र्यावरून मारत नसतील, मोबाइलमधलं बघून रेल्वेच्या दारात लोंबकळतात. ऐकावं असं कुणी तेव्हा होतं. आता कोण आहे?

रविवारी_बारा

ताई, मुकेशजींनी मुलांना वेळेवर सावरलं हे मी नाकारत नाही. इतकी वर्षं, १९९७ ते २००५, एवढी मोठी मालिका त्यांनी स्वतःच्या कंपनीतून उभी ठेवली, हेही नाकारत नाही. पण बाहेर कसं वागलं यावर भूमिका ठरवायची तर उद्या रामाच्या भूमिकेसाठी दाखला कोण देणार? भीष्म केला तेव्हा मुकेशजी तिशीतले नट होते. त्यांच्याकडे तरी तेव्हा कुठे चारित्र्याचं प्रमाणपत्र मागितलं होतं? काम दिलं, त्यांनी ते उत्तम केलं, मग मान मिळाला. रणवीरला आधी काम तरी करू द्या.

पेठेतली

मी एक सांगते, आणि याचा अर्थ मी माघार घेतली असा कुणी काढू नये.

त्या सिनेमाच्या शेवटी तापात भ्रमलेला बाजीराव नदीच्या पाण्यात उभा राहून नसलेल्या शत्रूवर तलवार चालवतो. मी विरोध करत होते तरी वडिलांनी हट्ट केला म्हणून गेले होते. तो प्रसंग सुरू झाला आणि वडिलांनी माझा हात धरला. रडत होते. रावेरखेडीच्या उतारावर धरला होता तसाच घट्ट. हे मी घरातही कुणाला बोलले नाही. अभिनय येतो त्याला. तेवढं देते. नाच माफ नाही, पिंगा तर अजिबात नाही.

रविवारी_बारा

तेवढं पुरे आहे मला.

पेठेतली

पुरे वगैरे काही नाही. शक्तिमानला मी जाणार नाही ते नाहीच.

कृष्णाकाठ

काल हे सगळं वाचून त्या पत्र्यावरून उडी मारलेल्या माझ्या विद्यार्थ्याला फोन केला. आता तो मिरजेत टेम्पो चालवतो, मुलगी दुसरीत आहे. मला वाटलं तो माझ्याच बाजूनं बोलेल. म्हणाला, 'बाई, रणवीरच पायजे. माझी पोरगी त्याला बघून नाचती, ती बघायला तरी येईल. जुन्या शक्तिमानला ती काका म्हणती.' मला त्याचं म्हणणं पटलेलं नाही. पण ज्याच्यासाठी मी एवढं भांडले त्याचंच मत लपवून ठेवणं बरोबर नाही, म्हणून लिहिलं.

रविवारी_बारा

त्याचा हात नीट जुळला होता का, ताई?

कृष्णाकाठ

जुळला. कोपरात थोडा वाकडाच राहिला.